गच्चीवरच्या कुंड्यांसाठी बेंटोनाइट की झिओलाइट?

मातीत मिसळायची ही दोन्ही खनिजं बहुधा ज्वालामुखीच्या राखेची लेकरं. राख म्हणजे खरं तर बारीक काच. वितळलेला खडक इतक्या झटकन थंड होतो की स्फटिक जमायला सवडच मिळत नाही. ही काच पाण्यात हळूहळू विरघळते आणि तिच्यातून नवी खनिजं जमतात. कोणती, ते पाणी ठरवतं. सोडियम-पोटॅशियम कमी आणि मॅग्नेशियम पुरेसं असेल, तर स्मेक्टाइट ही चिकणमाती; बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः तीच. पाणी कोरड्या मुलखातल्या बंदिस्त खाऱ्या सरोवरासारखं, चांगलंच अल्कधर्मी असेल, तर झिओलाइट.

मी दोन ग्लासांत चमचा-चमचा टाकून पाहिलं. बेंटोनाइट तासाभरात फुगून खळीसारखं झालं, बोटाला साबणासारखं बुळबुळीत. त्याचे पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि मधे पाणी शिरतं. झिओलाइटच्या खड्यांतून बारीक बुडबुडे सुटले, पण खडे होते तसेच राहिले. त्यांच्या स्फटिकाच्या जाळीतल्या खोल्या ठरलेल्या असतात, त्या फुगत नाहीत.

आपल्याकडे मुंबईत पावसाळ्यात 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि कुंडीतलं खत धुऊन जातं. क्लिनोप्टिलोलाइट हे झिओलाइट अमोनियम आणि पोटॅशियम पकडून ठेवतं, निचराही अडवत नाही. बेंटोनाइट जास्त झालं तर माती घट्ट बसते, मुळं गुदमरतात. म्हणून कुंडीला मी झिओलाइटच घेईन: दहा भाग मातीला एक भाग, आधी शेणखताच्या पाण्यात रात्रभर भिजवून. कोरडंच घातलं तर सुरुवातीला मातीतलंच अमोनियम ओढून घेतं. ते स्वतः खत नाही, हे विसरू नका.

अलिबागकडे रेताड वाडी असेल किंवा छोटं तळं गळत असेल, तर मात्र बेंटोनाइटच. इमारतीच्या पायासाठी खोल खणणारे पायलिंगवाले खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून त्याचाच गाळ ओततात.

कांदिवली-मालाडच्या खाणींतल्या काळ्या दगडात सापडलेले देखणे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट हीही झिओलाइटच; पण ती लाव्हाच्या पोकळ्यांत वाढलेली. ती कपाटात ठेवा, कुंडीत नको.

पोत्यावर नुसतं 'झिओलाइट' लिहिलं असेल तर खनिजाचं नाव विचारूनच घ्या. याच घराण्यातलं तंतुमय एरिओनाइट श्वासावाटे फुप्फुसात गेलं तर कॅन्सर होऊ शकतो. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियातल्या काही गावांनी ते भोगलंय. क्लिनोप्टिलोलाइट असलं तरी पोतं उघडताना नाकाला मास्क लावा आणि पाणी शिंपडूनच मिसळा.