जुन्या लेथचं पॅनल: दुरुस्त करावं की ड्राइव्ह बसवावा?

2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा पडल्या, आणि डिचोली-साखळी भागातली कितीतरी वर्कशॉपमधली लेथ (लोखंड कातायची यंत्रं) भंगाराच्या भावात बाहेर आली. माझं लेथ त्यातलंच. तुम्हीही असंच एखादं घेतलं असेल तर पहिल्या पावसात ते कधीतरी बंद पडणार, आणि बघायला येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देणार: जुनं पॅनल फेक, ड्राइव्ह बसव, मोकळा हो. पॅनल म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरची पेटी, आणि ड्राइव्ह म्हणजे तेच काम करून मोटरचा वेगही कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा. मी तो सल्ला ऐकला होता. दोन पावसाळे ड्राइव्हवर काढले आणि आता चौथा पावसाळा परत स्टार्टरवर चाललाय. लेथ तेच, मोटर तीच 3 एचपीची, गोठ्याची केलेली खोलीही तीच. म्हणून दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो. मोजमाप मात्र मागू नका, मी काही कागदावर टिपून ठेवलेलं नाही.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. घरात सिंगल फेजच असेल तर फार विचार नको, ड्राइव्हच घ्या, तो सिंगल फेजमधून थ्री फेज करून देतो. फक्त मोटरचा टर्मिनल बॉक्स आधी उघडून बघा. आपल्याकडच्या लहान मोटरी बहुतेक 415 व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधून) जोडलेल्या असतात आणि सिंगल फेजच्या ड्राइव्हला त्या डेल्टात (टोकाला टोक जोडून त्रिकोणात) हव्या असतात. सहा तारा बाहेर असतील तर पट्ट्या फिरवल्या की झालं. तीनच असतील तर स्टार पॉइंट वाइंडिंगच्या पोटात आहे, आणि तो उसवून काढायला वाइंडिंगवाल्याचा हात हलका लागतो. जुनं वार्निश कडक झालेलं असतं, तार उचलताना मोडते.

थ्री फेज दारात असेल तर मात्र निवड आहे.

जुन्या पॅनलचं एक बरं असतं: त्याचं दुखणं ऐकू येतं. कॉइल धड खेचत नसेल तर कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने बसणारा स्विच) घरघरतो. उघडून बघितलं तर चुंबकाच्या तोंडावर घाण असते, नाहीतर तिथली शेडिंग रिंग (तांब्याची छोटी कडी) तुटलेली असते, आणि तसं काहीच नसेल तर व्होल्टेज कमी आहे. पॉइंट (वीज जोडणारे धातूचे तुकडे) जळाले की वास येतो. माझ्या स्टार्टरमध्ये खाणीची तांबडी धूळ इतकी बसली होती की पावसाच्या दमट हवेत तिचा चिखलच झाला होता. दोन टर्मिनलांच्या मधल्या बेकेलाइटवर (कडक प्लास्टिकवर) काळी रेघ उमटली होती, नखाने खरवडली तर खाली खाच. वीज त्या चिखलावरून चालत गेली होती. ब्रश, क्लीनर, आणि बेकेलाइटचा तो तुकडा बदलला. एका संध्याकाळचं काम.

पण जुनं पॅनल फसवतंही. एकदा स्टार्टर दाबला तर मोटर नुसती घूं करून राहिली, चक (काम पकडणारा जबडा) हलेना. टेस्टर लावला, तिन्ही टर्मिनलांवर पेटला. म्हणजे वीज आहे, म्हणजे मोटर गेली, असा सरळ हिशेब करून मी मोटर उतरवली आणि वाइंडिंगवाल्याकडे नेऊन टाकली. त्याने मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला आणि मोटर तशीच परत दिली. चूक टेस्टरवर विश्वास ठेवण्याची होती. एक फेज गेलेली असली तरी कॉन्टॅक्टर बसलेला असताना बाकीच्या दोन फेज वाइंडिंगमधून फिरून त्या मेलेल्या टर्मिनलवर येतात. न्यूट्रलपाशी मोजलं तर तिथे जेमतेम 120 व्होल्ट भरतील, पण टेस्टरच्या निऑनला तेवढे पुरतात. तेव्हापासून दोन दिव्यांचा सिरीज लॅम्प फेज-फेजमध्ये धरतो. दोन जोड्यांत तो मंद पेटला की तिसऱ्या जोडीत नसलेली फेज मेली समजायचं. माझी फेज पार मागे, किटकॅट फ्यूजच्या जबड्यात अडकली होती. पितळेवर हिरवा चढ आला होता, बाहेरून काही कळत नव्हतं.

यातूनच एक गोष्ट लक्षात आली. 415 व्होल्टची कॉइल दोन फेजवर चालते. त्यातली एखादी गेली तर कॉन्टॅक्टर सुटू शकतो. तिसरी गेली तर त्याला पत्ताच नसतो, आणि चालती मोटर दोन फेजवर तापत राहते. म्हणून जुनं पॅनल ठेवायचं असेल तर सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) लावल्याशिवाय ठेवू नका. पावसात झाडाची फांदी तारेवर पडायला वेळ लागत नाही.

आता ड्राइव्ह. खरं सांगायचं तर काम करताना ड्राइव्हची चैन आहे. पार्टिंग (तुकडा कापून वेगळा) करताना टूल किरकिरायला लागलं की बटण थोडं मागे फिरवायचं, पट्टा बदलायला नको. मोटर हळूच सुटते, धक्का नाही. फेज गेली, व्होल्टेज उतरलं, तर तो स्वतःच थांबतो. दोन सावधगिऱ्या: फार सावकाश चालवलं तर मोटरचा पंखाही सावकाश फिरतो आणि मोटर तापते. आणि तुमचा चक आट्यांवर बसणारा असेल तर ब्रेकचा वेळ कमी ठेवू नका, स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) थांबेल आणि चक उलगडून मांडीवर येईल.

उलटा फिरवण्याची गरज मला रोजचीच. लीड स्क्रू (टूलची कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) इंची आहे आणि आटे पाडायचे ते मेट्रिक, त्यामुळे कॅरेजला त्या स्क्रूशी जोडणारा हाफ नट उघडता येत नाही. टूल मागे घ्यायचं, मशीन उलटं फिरवून कॅरेज परत आणायची, पुन्हा सुलटं. एका आट्याला दहा-पंधरा फेऱ्या. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये ड्रम स्विच (मशीन सुलटं-उलटं करायचा हातस्विच) ठेवायचा नसतो, चालू असताना फिरवला तर ड्राइव्ह जातो. म्हणून मी तोच जुना ड्रम स्विच नुसत्या इशाऱ्यासाठी वापरला, 24 व्होल्टवर. झालं काय, की कधी मशीन उलटं फिरायचं, कधी जागचं हलायचं नाही. पडद्यावर एररही नाही. 415 व्होल्टवर ठिणगी पडून पॉइंट आपोआप साफ राहतात. 24 व्होल्टवर ठिणगीच नाही, ऑक्साइडची पातळ साय तशीच राहते. नवा छोटा सिलेक्टर स्विच घातला आणि प्रश्न मिटला. हे ड्राइव्हच्या माथी मारणं बरोबर नाही.

ज्याने मला परत फिरवलं ते वेगळंच. आषाढात लेथ सुरू केलं की पाच-दहा सेकंदांत घराचा मेन आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की लाइन तोडणारा स्विच) पडायचा. मिक्सरमध्ये हुमणाचं (माशाच्या आमटीचं) वाटण अर्धवट थांबायचं आणि स्वयंपाकघरातून आईची हाक यायची, "गेली मरे परत!" मे महिन्यात हा प्रकार एकदाही नव्हता. मी मोटर काढली, आत 100 वॅटचा पिवळा दिवा रात्रभर जळत ठेवून सुकवली (एलईडीला ऊब नसते, तो या कामाचा नाही), मेगर चांगला आला. जोडली, पुन्हा पडला. केबल बदलली, पडला. शेवटी एकदा विहिरीचा पंप बंद असताना लेथ तासभर चाललं, तेव्हा उलगडा झाला. ड्राइव्हच्या फिल्टरमधून काही मिलिअँपिअर अर्थमध्ये कायम जात असतात, तुकड्यातुकड्यांनी येणारी त्याची वीज केबलमधून आणि वाइंडिंगमधून आणखी थोडी झिरपवते. त्यात ओला पंप आणि जुना फ्रिज. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकतो. एकेक वस्तू तपासली तर ठीक, दोष बेरजेत. असला दोष शोधायला मला दोन पावसाळे गेले.

वायरमन म्हणाला आरसीसीबी काढून टाकूया. ओले हात, कूलंट आणि लोखंडाचं मशीन, मी नाही म्हटलं. फिल्टरचा स्क्रू काढायची सोय माझ्या ड्राइव्हमध्ये होती, त्याने फरक पडला पण पूर्ण नाही. मीटरपासून वर्कशॉपला वेगळी लाइन आणि तिच्यावर वेगळा आरसीसीबी, हा खरा उपाय. तो केला असता तर कदाचित मी उलटंच लिहिलं असतं. पण त्यासाठी अंगण खणायचं होतं, आणि तोवर पाऊस तोंडावर आला होता.

म्हणून जुन्याच पेटीत नवे दोन कॉन्टॅक्टर, एकमेकांना अडवणारे, ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की तोडणारा), प्रिव्हेंटर, किटकॅटच्या जागी एमसीबी. खर्च ड्राइव्हपेक्षा बराच कमी आला. पावसाळाभर पेटीत छोटा पिवळा दिवा जळत ठेवतो. जुना ड्रम स्विच परत 415 वर आहे, आणि खुशीत आहे. तुमचं वर्कशॉप घरापासून वेगळ्या लाइनवर असेल तर माझं ऐकू नका. घराच्याच मेनवर असेल तर निदान एक पावसाळा जुनं पॅनल सांभाळून बघा.

ड्राइव्ह मी विकलेला नाही. कपाटात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. नुसता पडून राहिला तर कपॅसिटर बिघडतात, म्हणून वर्षातून एकदा, चवथीच्या आधी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान काढायला कपाट उघडतं तेव्हा, तासभर त्याला वीज दाखवतो. पंप बंद करून.