दोन बाळं, एक मशीन आणि पुढं आलेली वार

पाचपैकी दोन तारे देतेय. एक सेल बरेच दिवस टिकतात म्हणून, आणि एक पहिल्यांदा ठोका ऐकल्यावर आमच्या ह्यांचं तोंड जे झालं होतं त्यासाठी. बाकीचे तीन माझ्याजवळच ठेवलेत.

वस्तू म्हणजे घरच्या घरी पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायचं ते हातातलं डॉप्लर. गुलाबी, साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, वायरीच्या टोकाला माइकसारखा प्रोब. ऑनलाइन 2,449 रुपयांना पडलं, कोल्हापुरात राजारामपुरीत चौथ्या दिवशी घरपोच. सोबत दोन पेन्सिल सेल, बोटाएवढी जेलची ट्यूब आणि मुंगीच्या अक्षरातलं इंग्रजी माहितीपत्रक. कंपनीचं नाव लिहीत नाही. घ्यायच्या आधी अशी चार-पाच बघितली, सगळी एकाच साच्यातनं काढल्यासारखी दिसतात.

आता मी ते का घेतलं, ते सांगितल्याशिवाय तक्रार कळायची नाही.

तेराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत जुळी निघाली. दोन पिशव्या, दोघांची वार (प्लॅसेंटा, जिच्यातनं बाळाला पोषण मिळतं ती) वेगळी. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, की दोन पिशव्यांच्या पडद्याच्या मुळाशी वारेचा त्रिकोणी तुकडा घुसलाय, त्याला लॅम्डा म्हणतात. वार एकच असती तर तिथं टी आकार दिसला असता आणि तपासण्या दुप्पट झाल्या असत्या. मग विसाव्या आठवड्याच्या रिपोर्टात आलं, की उजवीकडच्या बाळाची वार गर्भाशयाच्या मागच्या भिंतीला आणि डावीकडच्याची पुढच्या. आम्ही घरात दोघांना ‘उजवं’ आणि ‘डावं’ म्हणायचो. दुसरं नाव ठेवायला काही माहीतच नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

उजवं एकोणिसाव्या आठवड्यातच हलायला लागलं. पतसंस्थेत काउंटरवर बसले होते, नोटा मोजताना पोटात टिचकी मारल्यासारखं झालं आणि मोजणी चुकली. डावं मात्र गप्प. विसावा गेला, एकविसावा गेला, तरी काही नाही. डॉक्टर म्हणाले, पुढं वार असली की असं होतं, चोविसाव्यापर्यंत वाट बघू, तोवर काहीच जाणवलं नाही तर मुद्दाम तपासू. सासूबाई राधानगरीकडच्या, माहेरी म्हशींचा गोठा. त्यांनी एका वाक्यात मिटवलं. “अगं, वार म्हंजे काय, उशीगत मधी पडलीया. तिकडनं लाथ हानली तर तुला कशी कळंल?” म्हशीची वार आणि बाईची वार एकसारखी नसते, पण उशीचं त्यांचं बरोबर होतं. त्या दिवसांत वार दोनेक सेंटिमीटर जाड असते आणि बाळ वीतभर. त्याची लाथ तिच्यातच मुरते. पोटाच्या कडेला, जिथं वार संपते, तिथंच काय ते कळतं.

पण मी कॅशियर बाई. मोजून बघितल्याशिवाय विश्वास ठेवायची सवयच नाही. म्हणून मशीन मागवलं.

पहिली रात्र. जेल लावली, प्रोब बेंबीच्या खाली उजवीकडं टेकवला आणि मिनिटभरात सापडलं. आईची शिलाई मशीन सणासुदीच्या आधी अशीच धावायची, टकटकटकटक, न थांबता. पडद्यावर 148. ह्यांनी मोबाइल खाली ठेवला. (हे लिहून ठेवण्यासारखं आहे.)

मग डावीकडं गेलो. तिथं उसाच्या फडातनं वारा गेल्यासारखं सूंऽऽ सूंऽऽ. आकडा 82. पोटात धस्स झालं. बाळाचे ठोके 110 ते 160 असतात हे मी पाठ करून बसलेले. प्रोब सरकवला, परत सूंऽऽ, 84. पंचवीस मिनिटं हेच. मी रडायला लागले तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं आणि घड्याळ लावून मोजलं, तर 83. म्हणजे इतका वेळ मी माझंच रक्त ऐकत होते. गर्भाशयातनं वारेकडं जाणारं आईचं रक्त आईच्याच नाडीनं वाहतं, आणि पुढं वार असली की प्रोबच्या तोंडाशी पहिलं तेच येतं. माहितीपत्रकात यावर अक्षर नाही. पुढं वार असेल तर बाळ सापडायला वेळ लागतो, कधी सापडतच नाही आणि त्याचा अर्थ काहीही नसतो, एवढं एक वाक्य छापलं असतं तर माझी एक रात्र वाचली असती.

तिसऱ्या दिवशी डावीकडंही टकटकटक सापडलं. 147! वहीत दोन रकाने पाडले. उजवं 148, डावं 147. दुसऱ्या दिवशी 152 आणि 151. नऊ दिवस अशी रोजकीर्द लिहिली आणि तपासणीला जाताना कौतुकानं वही सोबत नेली.

ओपीडीतल्या सिस्टरनी पानं उलटली. “ताई, ही दोन कशावरनं?” म्हणाल्या. मला कळेना. “रोज दोघांचे सारखेच ठोके? वेगवेगळी बाळं हैत ना? एक झोपलं असंल, एक खेळत असंल. तुम्ही एकालाच दोन बाजूंनी ऐकलाय.” प्रोबचा आवाज आत सरळ एका रेषेत जाऊन थांबत नाही. डाव्या बाजूनं तिरका धरला तरी तो उजव्याच्या छातीपर्यंत पोचू शकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच पावती दोन खात्यांना जमा दाखवलेली. ताळा बरोबर येतो आणि पैसे निम्मे असतात.

दवाखान्यात हे कसं करतात तेही त्यांनीच दाखवलं. सोनोग्राफीत आधी डोळ्यांनी बघतात, कुठलं हृदय कुणाचं. मग पुढच्या महिन्यांत एनएसटीला (पोटावर पट्टा बांधून ठोक्यांची रेघ कागदावर काढायची तपासणी) दोन पट्टे, दोन प्रोब, एकाच वेळी. कागदावर दोन रेघा निघतात. त्या जुळ्या बहिणींसारख्या एकसारख्या धावायला लागल्या, तर खूश व्हायचं नसतं. दोन्ही प्रोब एकाच बाळावर बसलेत का ते बघून एक सरकवतात. “मी आलो हं दोन मिनटात,” म्हणून त्या गेल्या (आमच्याकडं बायका ‘आलो’च म्हणतात) आणि मी वहीतली नऊ दिवसांची पानं मुकाट्यानं पर्समध्ये घातली.

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. तिकडच्या मुलानं गंभीरपणे सांगितलं, “मॅडम, दोन बाळांसाठी दोन मशीन घ्या, दुसऱ्यावर दहा टक्के सूट आहे.” परत करायचं म्हटलं तर जेल उघडली म्हणून परत घेणार नाहीत. जेल न उघडता मशीन कसं तपासायचं, ते विचारलं. फोन कट झाला.

मध्येच एक सांगते. आकडे कुणाला सांगू नका. शेजारच्या काकूंनी ऐकलं आणि लगेच, “दीडशेच्या वर म्हंजे पोरगी.” ठोक्यांवरून मुलगा-मुलगी काही कळत नाही, पण हे बोलणं अजून चालतं. गर्भलिंग तपासणी थांबवायला ज्या कोल्हापुरात सोनोग्राफी मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर (केलेल्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारं यंत्र) बसवले गेले, तिथं चाळीतल्या गप्पांना कोण ऑब्झर्व्हर बसवणार!

डावं तेविसाव्या आठवड्यात एकदाचं कळलं. डाव्या कुशीत, बरगडीच्या जरा खाली, वारेच्या काठावर. रात्रीच्या जेवणानंतर हमखास. तोवर मशीन कपाटात गेलं होतं. तिथंच राहिलं असतं तर हे परीक्षण तीन ताऱ्यांचं झालं असतं.

एकोणतिसावा आठवडा, रविवार. दुपारपासून डावं हललं नाही. जेवण झालं, तरी नाही. आता वारेचं निमित्त चालणार नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुढच्या वारेनं हालचाल कमी जाणवते ती साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत, नंतर कुठल्याही बाळाची नेहमीची सवय मोडली तर वाट न बघता यायचं. शेवटी शेवटी जागा पुरत नाही म्हणून बाळ हलायचं कमी होतं, हेही खरं नाही, असंही म्हणाले होते. सगळं माहीत होतं. तरी मी कपाटातनं मशीन काढलं. तीन मिनिटांत डावीकडं टकटकटक, 144. हायसं वाटलं आणि झोपले.

सकाळीही शांतच. मग मात्र गेलो. डॉक्टरांनी विचारलं, “रात्रीच का नाही आलात?”

“ठोके ऐकले होते, 144.”

“कुणाचे?”

त्या एका शब्दावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते पुढं म्हणाले, समजा डाव्याचेच होते, तरी नुसतं हृदय चालू आहे म्हणजे बाळ ठीक आहे असं नाही. बाळ हलतं तेव्हा ठोके वर जातात का, मधे खाली पडतात का, हे वीस-वीस मिनिटं कागदावर बघावं लागतं. ते माझ्या मशीनला कळत नाही आणि मलाही वाचता येत नाही. दोन पट्टे बांधले. डावं झोपलेलं म्हणून वीसची चाळीस मिनिटं झाली. मग दोन्ही रेघा हव्या तशा आल्या, वेगवेगळ्या. सोनोग्राफीत कळलं, डाव्यानं फिरून माझ्या पाठीकडं तोंड केलेलं, लाथा आतल्या बाजूला चाललेल्या. म्हणजे खेळ जोरात आणि मला पत्ता नाही. आमचं नशीब. पण ती रात्र मी मशीनच्या भरवशावर झोपून काढली, हे विसरता येत नाही.

घरी येऊन माहितीपत्रक भिंग लावून वाचलं. शेवटच्या पानावर, रोगनिदानासाठी नाही, एवढं आहे. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणारं तिथलं सरकारी खातं) 2014 मध्येच अशी मशीन घरी वापरू नका म्हणून सांगितलंय. विक्रीच्या पानावर मात्र ‘आईच्या मनाला शांती’ असं ठळक लिहिलेलं. शांती मिळाली, हीच तर तक्रार आहे.

मशीन म्हणून खोट काढायची तर स्पीकर खरखरतो, आकडा उड्या मारतो, जेल आठवड्यात संपते (शाहूपुरीतल्या सर्जिकलच्या दुकानात मोठी बाटली स्वस्त मिळाली). सेल मात्र चांगले. दोघं चार महिन्यांची झाली तरी चालू आहेत, ते मी काढून स्वयंपाकघरातल्या घड्याळात घातलेत. मशीन जाऊबाईंनी मागितलं होतं, त्यांना पाचवा चालू आहे आणि त्यांचीही वार पुढं आहे. मी नाही दिलं. डॉक्टरांचा नंबर दिला.