लहान एसएसडी अधिक हार्ड डिस्क, की एकच मोठी एसएसडी?

घरासाठी नवा संगणक जुळवून घेताना प्रोसेसर आणि रॅम यांचा निर्णय बहुधा लवकर होतो. घोडे अडते ते साठवणुकीपाशी, कारण तोवर ठरवलेल्या रकमेतले फार थोडे पैसे हाती उरलेले असतात. कोल्हापुरात राजारामपुरीत मी तीन दुकानांतून अंदाजपत्रके घेतली होती आणि तिन्हींत एकच जोडी लिहिलेली होती : विंडोजसाठी 256 जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपांवर माहिती साठवणारी ड्राइव्ह) आणि बाकी सगळ्यासाठी 1 टीबीची हार्ड डिस्क. ती जोडी मी घेतली, दीड वर्ष वापरली आणि मग काढून त्या जागी 1 टीबीची एकच एनव्हीएमई, म्हणजे थेट मदरबोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी बसवली. दोन्ही व्यवस्था एकाच यंत्रावर आणि एकाच घरात वापरल्यामुळे जे जाणवले, ते निवड करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे. नुसत्या हार्ड डिस्कवर विंडोज चालवण्याचा पर्याय मी येथे धरलेलाच नाही. नव्या यंत्रात तो आता कोणी स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोडीच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा पैशांचा सांगितला जातो आणि तो खराही आहे, मात्र एका मर्यादेपर्यंतच. हार्ड डिस्क 500 जीबीची असो की 2 टीबीची, तिला मोटर, तबकडी, हेड आणि धातूचा डबा लागतोच, त्यामुळे तिची किंमत एका पातळीच्या खाली उतरत नाही. एसएसडीचे तसे नाही. तिथे चिपा कमी झाल्या की किंमतही त्या मानाने उतरते. म्हणून 4 किंवा 8 टीबीची गरज असेल तर स्वस्ताईत हार्ड डिस्कला आजही तोड नाही, पण 1 टीबीच्या आसपास हा फरक वाटतो तितका राहत नाही, आणि जोडीतल्या लहान एसएसडीची किंमत त्यात मिळवली की तो आणखी आक्रसतो. भाव सतत हलत असल्यामुळे मी रुपयांचे आकडे देत नाही. जोडीची बेरीज आणि एकट्या 1 टीबी एसएसडीची किंमत एकाच दिवशी, एकाच दुकानात विचारून घ्यावी, एवढे मात्र आवर्जून सुचवतो.

वेगाविषयी थोडक्यात सांगता येईल. मिनिटाला 7,200 फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे 8.3 मिलिसेकंदांची असते. हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी 4 मिलिसेकंद नुसती वाट पाहण्यात जातात आणि हेड सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा. एखादा चित्रपट पाहताना हे कळतही नाही. हजारभर फोटोंचा फोल्डर उघडला की मात्र लहान चित्रे एकेक करून उमटताना दिसतात. केबलींनी जोडायची सॅटा एसएसडी सेकंदाला साधारण 550 एमबीपर्यंत पोहोचते, तर तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई 3,500 एमबीच्या घरात जाते. तरीही रोजच्या घरगुती कामात या दोहोंतला फरक मला तरी जाणवला नाही. एनव्हीएमई घेतली ती किंमत जवळपास सारखी होती आणि दोन केबली वाचल्या म्हणून. मदरबोर्डवर एम.2 ची, म्हणजे एनव्हीएमई बसवण्याची जागा नसेल, तर सॅटा एसएसडी घेण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीने फिरवला, ती कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नव्हती. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत हार्ड डिस्क 20 मिनिटे वापरली गेली नाही की तिची मोटर थांबवली जाते. आमची मुलगी संध्याकाळी सोप्यातल्या संगणकावर शाळेचा प्रकल्प लिहीत बसते. तिची फाइल एसएसडीवरच असते, डी ड्राइव्हशी, म्हणजे हार्ड डिस्कशी तिचा काही संबंधही नसतो. तरीही तिने सेव्हची खिडकी उघडली की विंडोज सगळ्या ड्राइव्हची विचारपूस करते आणि झोपलेल्या डिस्कलाही त्यासाठी उठावे लागते. आधी डब्यातून एक ‘टक्’ ऐकू येई, मग हळूहळू चढत जाणारी घरघर, आणि तेवढा वेळ पडद्यावरची खिडकी पांढरी पडून शीर्षकापुढे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटलेले असे. मोजायला गेले तर हे सहा-सात सेकंदांचेच काम होते. पण तेवढ्यात ती माउसचे बटण पाच-सहा वेळा दाबून मोकळी होई आणि डिस्क जागी झाली की ते सगळे क्लिक एकदम लागू होऊन भलतेच काहीतरी उघडे. एकदा जुनी फाइल नव्यावर चढली आणि दोन तासांचे लेखन गेले. त्या दिवशी ती रडली. यंत्र सर्वांत वेगवान भागावर चालत असताना सर्वांत संथ भागासाठी सगळ्यांनी थांबायचे, हे मला तेव्हापासून पटेनासे झाले.

यावर उपाय नाही असे नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन डिस्क बंद करण्याची वेळ ‘नेव्हर’ केली की हा प्रकार बहुतांशी थांबतो, आणि मीही ते केले. पण मग डिस्क दिवसभर फिरत राहिली. माझ्या आईची खाट त्याच सोप्यात आहे. दुपारी पंखा बंद असला की ती बारीक घरघर आणि मधूनच होणारी करकर तिला ऐकू येई. ज्यांचा संगणक वेगळ्या खोलीत आहे किंवा जे तो एकटेच वापरतात, त्यांना यातले काही खटकणारही नाही. त्यांच्यासाठी हा मुद्दा गौण समजावा. आमच्या घरात तो गौण नव्हता.

एकच एसएसडी घ्यायची तर मात्र तिच्यावर फक्त ‘1 टीबी’ लिहिलेले पाहून घेऊ नये. एका कोशिकेत तीन बिट साठवणारी टीएलसी आणि चार बिट साठवणारी क्यूएलसी यांतला फरक मोठ्या नकलेच्या वेळी उघडा पडतो. माझ्या मेहुण्याने एक स्वस्त क्यूएलसी एसएसडी घेतली होती. लग्नाच्या चित्रीकरणाच्या सुमारे 200 जीबी फाइली तिच्यावर चढवताना सुरुवातीचा झपाटा पाहून आम्ही निश्चिंत झालो होतो. पण आतला वेगवान राखीव भाग भरला आणि वेग माझ्या जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली घसरला. टिकाऊपणाच्या हमीतही हे अंतर दिसते : सॅमसंगच्या 870 ईव्हीओ या 1 टीबीच्या टीएलसी एसएसडीला 600 टीबी लेखनाची आणि पाच वर्षांची हमी आहे, तर 870 क्यूव्हीओ या क्यूएलसीला 360 टीबीची आणि तीन वर्षांची. घरगुती वापरात 360 टीबी लिहून संपवणे जवळजवळ अशक्य आहे, हे मान्य. तरी दोघींच्या किमतीत शे-दोनशेचाच फरक असेल, तर टीएलसीच घ्यावी, असे मला वाटते. चौथ्या पिढीच्या एनव्हीएमईसाठी मात्र जादा पैसे मोजण्याआधी आपला मदरबोर्ड पाहावा. ए520 सारखा स्वस्त चिपसेट (मदरबोर्डावरची नियंत्रक चिप) असेल तर ती तिसऱ्या पिढीच्याच वेगाने चालते.

हार्ड डिस्कचा एक गुण मी कमी लेखणार नाही. बिघडण्याआधी ती पुष्कळदा आवाजाने किंवा वाढत्या खराब सेक्टरांनी इशारा देते, आणि चुकून पुसलेली फाइल तिच्यावरून परत मिळण्याची शक्यता बरीच असते. एसएसडीवर ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा आपोआप मोकळी करणारी सोय) चालू असल्याने ती आशा जवळपास सोडावी लागते. म्हणूनच मी जुनी डिस्क विकली नाही. ती यूएसबीच्या डब्यात घालून बॅकअपसाठी ठेवली आहे. 3.5 इंची डिस्कच्या डब्याला वेगळा अडॅप्टर लागतो, तेवढे ध्यानात ठेवावे. महिन्यातून एकदा ती जोडतो, फोटो आणि कागदपत्रे तिच्यावर उतरवतो आणि पुन्हा कळंब्याला बहिणीकडे नेऊन ठेवतो. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मूळ प्रत आणि बॅकअप एकाच छपराखाली का ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

चित्रीकरणाचा व्यवसाय असणाऱ्यांना किंवा वर्षानुवर्षांचा मोठा संग्रह सतत हाताशी लागणाऱ्यांना मी आजही जोडीच सुचवीन. फक्त त्यातली एसएसडी 256 ऐवजी 500 जीबीची घ्यावी, कारण विंडोज, त्याची अद्यतने आणि दोन-चार मोठे प्रोग्रॅम एवढ्यानेच 256 जीबी भरत आले होते आणि जागा करण्यासाठी मला दर महिन्याला फाइली हलवाव्या लागत. मुलांचा अभ्यास, घरचे हिशेब, फोनमधले फोटो आणि थोडेफार चित्रपट एवढाच वापर असेल, तर 1 टीबीची एक टीएलसी एसएसडी पुरते, असा माझा अनुभव आहे. ती आणताना एका गोष्टीची चौकशी दुकानातच करावी. एम.2 एसएसडी बोर्डावर पक्की करणारा बारीक स्क्रू बहुधा एसएसडीच्या खोक्यात नसतो, तो मदरबोर्डाबरोबर येतो. जुळणी करणाऱ्याकडून तो मागून घेतला नाही, तर त्या एका स्क्रूसाठी पुन्हा राजारामपुरी गाठावी लागते.