चार वर्षांची गाडी आणि स्वस्तातलं कोटेशन

नव्या गाडीबरोबर तीन वर्षांची थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, आधीच भरलेली असते, म्हणून चौथ्या वर्षीचं विम्याचं कोटेशन बघून बहुतेकांचे डोळे पांढरे होतात. आमची १,१९७ सीसीची हॅचबॅक. थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये. हा सरकारी दर जून २०२२ पासूनचा, कुठल्याही कंपनीकडे जा, तेवढाच. घासाघीस करायची ती ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. त्यात पुणं झोन ए मध्ये, म्हणजे साताऱ्या-सांगलीपेक्षा दर मुळातच चढा.

एजंट म्हणाले, "ताई, गाडी जुनी झाली, झिरो डेप आणि इंजिन कव्हर काढा, साडेतीन हजार वाचतील." झिरो डेप म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापण्याचं कव्हर. वर आयडीव्हीही, म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कमही, त्यांनी परस्पर चार लाखांच्या खाली आणलेली. घसाऱ्याच्या कोष्टकाप्रमाणे चौथ्या वर्षी नव्या किमतीतले ४० टक्के जातात, म्हणजे आमच्या गाडीला साडेचार लाख बसतात. उद्या गाडी चोरीला गेली तर पन्नास हजारांवर पाणी, आणि आयडीव्ही घटवून बचत काय, तर काही शेकड्यांची! नको म्हटलं.

इंजिन कव्हरवर तर मी हटूनच बसले. आम्ही राहतो सिंहगड रोडला. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीतल्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या होत्या. पुरात भिजलेली सीटं, वायरिंग साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र) भरून मिळतं. पण पाण्यात उभ्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिनानं पाणी ओढलं, की कंपनी हात वर करते.

पॉलिसीची परीक्षा झाली नवले पुलाच्या उतारावर. टेम्पोनं मागून ठोकलं. बंपर फुटला, डिकीचं दार आत गेलं. बिल २३ हजार. बंपर प्लास्टिकचा, झिरो डेप नसतं तर त्याची निम्मी किंमत आमच्या खिशातून गेली असती. इथे क्लेममध्ये आपण भरायचे सक्तीचे हजार आणि वर ३८० रुपये भरले. हे ३८० कसले, तर क्लिपा आणि स्क्रूंचे. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरनं एकेका क्लिपेवर लाल रेघ ओढली, बंपरकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. कंपनीच्या रस्त्यावरच्या मदतीच्या नंबरवरचा माणूस भलत्याच शहरातला. त्याला नवले पूल समजावता समजावता ओळखीच्या गॅरेजवाल्यानं गाडी ओढून नेलीसुद्धा. या सेवेला शून्य मार्क.

क्लेममुळे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, शून्यावर आला, नाहीतर यंदा ४५ टक्के मिळाला असता. पण तो फक्त ओन डॅमेजवर असतो, त्यामुळे यंदाचा फटका दोन हजारांच्या आतबाहेर. २३ हजारांपुढे परवडलं. दारावरच्या ओरखड्यासाठी मात्र क्लेम नको, कोपऱ्यावरचा डेंटिंगवालाच बरा.

यंदा रिन्यू त्याच कंपनीकडे केलं. किल्ली हरवल्याचं कव्हर काढलं. माझा १५ लाखांचा अपघात विमा वेगळा असल्यानं पॉलिसीतलं मालक-चालकाचं अपघात कव्हरही वगळलं. ते पुन्हा घ्यायची सक्ती नसते, हे एजंट आपणहून सांगत नाहीत. कंझ्युमेबल्स, म्हणजे त्या क्लिपा-स्क्रूंसारख्या वस्तूंचं कव्हर, तेवढं नव्यानं घेतलंय.