जेलमधले स्पोर्ट्स प्रोग्राम: ५ पैकी साडेतीन स्टार

मी व्हॉलंटियर कोच म्हणून जेलमध्ये जातो, त्यामुळे लोक सारखं विचारतात की आतले खेळ खरंच कामाचे असतात की नुसते फोटोपुरते, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कैद्यांना मैदानात सोडलं म्हणजे प्रोग्राम झाला असं नाही. रोज किमान १ तास मोकळ्या हवेत व्यायाम तर युनोच्या २०१५ च्या मंडेला नियमांतच (कैद्यांना कसं वागवायचं याचे नियम) आहे, त्याला मी मार्क देत नाही. खरी मजा कैद्याच्या हातात शिट्टी दिली की सुरू होते. दिवसभर दुसऱ्यांचे हुकूम ऐकणाऱ्या माणसाला अचानक स्वतः निर्णय द्यायचा असतो, समोरचे दहा जण अंगावर आले तरी आवाज न चढवता त्यावर ठाम राहायचं असतं, हे कुठल्या लेक्चरमध्ये शिकवून दाखवा!

दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन आयलंडच्या जेलमध्ये तर वर्णभेदाच्या काळात राजकीय कैद्यांनी मागणी लावून धरून फुटबॉलची परवानगी मिळवली आणि फिफाच्या नियमांनी क्लब, लीग, रेफ्री सगळं उभं केलं, त्यांच्या मकाना फुटबॉल असोसिएशनला २००७ मध्ये फिफाने मानद सदस्यत्व दिलं. (मंडेलांना मात्र वेगळ्या विभागात ठेवलेलं, त्यांना खेळता आलं नाही.)

सध्याच्यात मला पार्करन भारी वाटतं. बाहेर ते आधीपासून होतं, जेलमध्ये पहिल्यांदा २०१७ मध्ये इंग्लंडच्या हॅवरिग जेलमध्ये सुरू झालं, दर आठवड्याला ५ किमी, पळा नाहीतर चाला, आणि टायमिंग घेणं, वाटेवर उभं राहणं ही कामंही कैदी करतात. सुटल्यावर तोच माणूस बाहेरच्या पार्करनला जाऊ शकतो, ते फुकट असतं आणि कोणी मागचं विचारत नाही. बाकी बहुतेक प्रोग्राम गेटवरच संपतात, एक स्टार तिथेच कापला.

अर्धा कापला तो शेड्यूलसाठी. स्टाफ कमी पडला की पहिलं सेशन रद्द होतं ते खेळाचंच, मी गेटवरून परत आलोय. जिम म्हणावं तर तीच तीच तगडी पोरं वजनं उचलणार आणि वयस्कर कैदी कडेला बसून बघणार. शिवाय कोणी भांडला की शिक्षा म्हणून त्याचा खेळ बंद, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच बाहेर, हे मला अजिबात पटत नाही.

कोणी नवीन सुरू करणार असेल तर व्हॉलीबॉल घ्या, जागा कमी लागते, मध्ये जाळी असल्याने धक्काबुक्की होत नाही आणि पन्नाशीतला माणूसही खेळतो.