वजनाच्या ऑपरेशनचं पॅकेज: साडेतीन तारे, त्यातले दोन एका फोनचे

मी कराडला विद्यानगरात मेस चालवते. दोन्ही वेळची मिळून रोज सव्वाशे ताटं उठतात, त्यामुळे कुणी कसं वाढलंय ते मला लांबूनच दिसतं. गेल्या वर्षी जूनमध्ये पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. ताटाच्या भाषेत सांगायचं तर तिथली भाजी, म्हणजे ऑपरेशन, फक्कड होती. भाकरी, चटणी, कोशिंबीर आपली आपण शोधायची. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि सर्जनबद्दल एकही नाही.

तेव्हा वय ४७, उंची पाच फूट एक इंच, वजन ११२ किलो. नऊ वर्षांचा मधुमेह, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.१ टक्के, आणि गुडघे असे की गॅससमोर उभं राहताना एका पायाखाली पाट घ्यावा लागायचा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४६ च्या वर.

आधी पैशांचं. पॅकेज ३ लाख ६० हजारांचं सांगितलं. विमा कंपनीने पहिल्यांदा नाही म्हटलं. बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असं काही असेल, तर विम्यात हे ऑपरेशन बसतं. पण आधी साधे उपाय करून झाले नि ते फसले, हेही कागदावर दिसावं लागतं. हॉस्पिटलच्या पत्रात तेच वाक्य लिहायचं राहून गेलं होतं. विमा डेस्कवरच्या मुलाने दोन दिवस मला "प्रोसेसमध्ये आहे मॅडम" ऐकवलं. शेवटी मीच आमच्या कराडच्या डॉक्टरांचे सहा वर्षांचे कागद घेऊन गेले, तेव्हा मंजुरी आली. तरी वर ७१ हजार घरचे गेले. हातमोजे, सुया असल्या बारीकसारीक वस्तूंचे पैसे माझ्या विम्यात मिळत नाहीत, हे डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळी कळलं. सकाळी नऊला सोडतो म्हणाले नि बाहेर पडायला रात्रीचे आठ वाजले.

तपासण्या मात्र नीट केल्या. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, टूडी एको, थायरॉइड, बी-१२, शिवाय रात्रभर नळ्या लावून झोपेची तपासणी. सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. ऑपरेशनचे दोन प्रकार, बायपास नि स्लीव्ह. बायपासने मधुमेहाला जास्त फायदा होतो, पण आतड्याची जोडणी बदलते. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग काढून टाकतात, केळ्याएवढी नळी उरते, आणि भुकेचं हार्मोन जिथे जास्त तयार होतं तो भागही सोबत जातो. पण ज्याला आधीच ॲसिडिटी आहे त्याला स्लीव्हने ती वाढू शकते. माझ्या एंडोस्कोपीत तसं काही निघालं नाही, म्हणून स्लीव्ह ठरलं. पाऊण तास दिला त्यांनी, घड्याळ न बघता. माझे हे सोबत होते, त्यांनी विचारलं, "म्हणजे पातेल्याचा तांब्या करणार?" डॉक्टर म्हणाले, "तांब्या नाही हो, फुलपात्र."

मानसोपचारतज्ज्ञांनी सात मिनिटं दिली. दुःखी असताना जास्त खाता का, असं विचारलं. मी नाही म्हटलं आणि ते खरंच होतं. त्यांनी बरोबरच्या खुणेला टिचकी मारली नि मी बाहेर. या सात मिनिटांवर पुढे येते.

ऑपरेशनआधी पंधरा दिवस पातळ आहार. दिवसाला साधारण ८०० कॅलरी, त्यात प्रोटीन जास्त. कारण असं की लठ्ठ माणसाच्या लिव्हरमध्ये चरबी साठून ते फुगतं आणि नेमकं जठरावर पसरून बसतं. दुर्बिणीतून काम करताना ते बाजूला उचलून धरावं लागतं. पंधरा दिवसांत ते आकसतं, मऊ पडतं. याच काळात साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनीच कमी करून दिल्या, नाहीतर एवढ्याशा आहारावर चक्कर येऊन पडले असते.

हे पंधरा दिवस ऑपरेशनपेक्षा अवघड गेले. कांदा-खोबरं भाजायचं, पासष्ट जणांची आमटी फोडणीला टाकायची आणि स्वतः व्हॅनिलाच्या वासाचं पीठ पाण्यात कालवून प्यायचं. चव घ्यायची नाही असं मी ठरवलं होतं; एक थेंब जिभेवर गेला की हात थांबणार नाही, हे मला ठाऊक होतं. मीठ चाखायचं काम मदतनीस मावशींकडे दिलं. त्यांना बीपी असल्याने त्या घरी अळणी खातात, त्यामुळे आपल्याकडची आमटी खारट की अळणी हा अंदाजच त्यांना नाही. आठवडाभर पोरं निमूट जेवली. आठव्या दिवशी एका लातूरच्या पोराने विचारलं, "काकू, मीठ संपलंय का?" पंधरा दिवसांत साडेचार किलो उतरले.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं मला फारसं माहीत नाही, मी झोपेत होते. पोटावर पाच छोटी छिद्रं. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदा ठणकत होता. दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतात, त्याची ती कळ. चार तासांनी सिस्टरनी उठवून चालायला लावलं, पायांत घट्ट मोजे, पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन. तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं खेळणं मिळतं, श्वास ओढून गोळ्या वर चढवायच्या. त्याला पूर्ण तारे, फुप्फुसं त्याच्यामुळे मोकळी राहिली. दुसऱ्या दिवशी औषधाच्या टोपणात ३० मिली पाणी दिलं आणि पंधरा मिनिटांत संपवायला सांगितलं. मला हसू आलं होतं. चौथ्या घोटाला छाती गच्च झाली.

तिसऱ्या दिवशी घरी. सीटबेल्ट नि पोटाच्या मधे उशी, दर तासाला गाडी थांबवून पाय मोकळे करायचे, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. खंबाटकी घाटाआधी थांबलो, तेव्हा डिस्चार्जच्या पिशवीतला आहाराचा कागद वाचला. ब्रोकोली सूप. ग्रीक योगर्ट. मॅश केलेला ॲव्होकाडो. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. मी ह्यांना म्हटलं, हे कराडच्या मंडईत मागितलं तर मला वेड्यात काढतील.

त्याच कागदाच्या मागे पेनने एक नंबर लिहिला होता. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ मॅडमचा, वय फार तर सत्तावीस. रात्री भीत भीत मेसेज केला, तर त्यांचाच फोन आला. "काकू, तो कागद ठेवून द्या. घरात काय काय आहे ते सांगा." आणि अर्ध्या तासात त्यांनी माझ्या फडताळातून पुढचे दोन महिने काढून दिले. पहिला आठवडा मुगाचं गाळलेलं कढण, पातळ ताक, शहाळ्याचं पाणी. मग वरण, दूध, आंबील. तिसऱ्या आठवड्यापासून घोटलेली मूगखिचडी, मेतकूट घालून मऊ भात, पण भात एक चमचा नि वरण तीन. पाचव्या आठवड्यात पातळ पिठलं, अंडं, कुस्करलेलं पनीर. दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही.

प्रोटीन पावडरबद्दल विचारतात म्हणून: फ्लेवरची घेऊ नका. तिसऱ्या दिवसानंतर त्या वासाने मळमळतं. बिनवासाची घ्या, ताकात घुसळा, जिरेपूड टाका. गरम आमटीत टाकली की गुठळ्या होतात. मापाच्या वाट्या ऑनलाइन मिळतात, त्याही घेऊ नका. माझ्या लेकीच्या उष्टावणाचा चांदीचा चमचा कपाटात काळा पडला होता, तो घासून काढला. एवढाच घास जातो. अजूनही मी त्यानेच जेवते आणि लेक चिडवते.

एकदा फसले. सहावा आठवडा लागला, पिठल्यासोबत ज्वारीच्या भाकरीचा तुकडा खाल्ला. नखाएवढा, पण घाईत, कारण पोरं वाढायची थांबली होती. छातीत खुंटी ठोकल्यासारखं झालं, तोंडात नुसता फेस. रात्री साडेनऊला फोन. मॅडमनी आधी तीनच प्रश्न विचारले: ताप आहे का, नाडी किती पडते, पोटात जोराची कळ आहे का? यातलं एक जरी असतं तरी त्याच रात्री हॉस्पिटल गाठायला लावणार होत्या. नव्हतं. तासभर बसून राहिले, तुकडा उतरला, मग एक दिवस परत पातळावर.

आणि मग त्यांनी विचारलं, "काकू, रात्री मेसमध्ये उरलेलं काय करता?"

मी गप्प झाले. नऊ वर्षं मी रात्री अकराला, पोरं गेल्यावर, ओट्याशी उभी राहून उरलेलं खात आलेय. दोन भाकऱ्या, पातेल्याच्या बुडाची आमटी, ठेचा. भूक म्हणून नाही, दुःख म्हणून तर नाहीच. अन्न टाकवत नाही म्हणून. आईने तसंच वाढवलं. सात मिनिटांच्या त्या कागदावर याला रकानाच नव्हता. आता दहा वाजता शेजारचा गवळी घमेलं घेऊन येतो, म्हशी माझ्यापेक्षा आनंदाने खातात. पहिले काही दिवस ते घमेलं उचललं जाताना मला बघवायचं नाही.

बाकी पॅकेजमध्ये 'आजीवन सपोर्ट ग्रुप' लिहिलं होतं. तो निघाला व्हॉट्सॲपचा, त्यात फुलांचे सुप्रभात नि हॉस्पिटलच्या जाहिराती. तिसऱ्या महिन्यात आधीचा-नंतरचा फोटो मागितला. दिला नाही. तिसऱ्या आठवड्यात वजन नऊ दिवस जागचं हललं नाही, चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके हातात यायला लागले, गजरा माळायला वेणी उरते की नाही असं झालं. दोन्ही नेहमीचं असतं, केस परत येतात, हे ग्रुपवर कुणी सांगितलं नाही, फोनवर कळलं. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळ्या, शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी. आणि गुडघेदुखीच्या नेहमीच्या गोळ्या बंद, त्यांनी जठराला जखम होऊ शकते.

जाऊबाई इचलकरंजीच्या लग्नात पंगतीत मोठ्याने म्हणाल्या, "ऑपरेशन करून बारीक होणं म्हणजे कॉपी करून पास होणं." पुढ्यात जिलेबी आग्रहाने वाढलीच. मी चांदीचा चमचा काढून वरण खात बसले.

आज अकरा महिने झाले. वजन ७६. साखरेच्या तीनपैकी एकच गोळी उरली, सरासरी ६.३. पाट आता भिंतीला टेकवून ठेवलाय. मिठाची चव परत मी घेते, चमच्याच्या टोकावर.

तारे देताना पंचाईत एवढीच की मॅडमनी मार्चमध्ये ते हॉस्पिटल सोडलं. मी दोन तारे ज्यांना देतेय त्या तिथे नाहीत. नव्या मुलीला मी फोन करून पाहिला, तिने मेलवर पीडीएफ पाठवली, पुन्हा ब्रोकोली. वर्षाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, ती पॅकेजमध्ये धरलेली नाही, वेगळे पैसे. तिथेच जाणार असाल तर सर्जन चांगले आहेत, जा. फक्त पैसे भरण्याआधी विचारा की घरी गेल्यावर रात्री साडेनऊला फोन कोण उचलणार, आणि त्या माणसाने कधी पिठलं खाल्लंय का.