ऑनलाइन कुर्ती विकताय? एन्रोलमेंट, कंपोझिशन की रेग्युलर जीएसटी

"वर्षाला सहा-सात लाखांची विक्री आहे. मला जीएसटी लागेल का हो?" ठाण्याच्या नौपाड्यात मी हिशेब लिहायला बसतो, तिथे हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. कधी कळव्याहून, कधी नेरूळहून. विचारणाऱ्या बहुतेक घरून कुर्ती, साड्या विकणाऱ्या ताई असतात. मी उलट विचारतो, तुमचं पार्सल महाराष्ट्राबाहेर जातं का? निम्मा निर्णय या उत्तरावरच होतो.

जात नसेल, तर नोंदणी न करताही चालतं. मालाच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात मर्यादा ४० लाखांची आहे. पूर्वी प्लॅटफॉर्मवर, म्हणजे मीशो-अ‍ॅमेझॉनसारख्या साइटवर, विकणाऱ्याला ही सवलत नव्हती, पहिल्या रुपयापासून नोंदणी घ्यावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या विक्रेत्याला जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एन्रोलमेंट नंबर काढता येतो. हा नंबर एकाच राज्यात मिळतो आणि विक्रीही त्याच राज्यात करायची. रिटर्न, म्हणजे पोर्टलवर भरायचा विक्री-कराचा हिशेब, नाही. टीसीएस, म्हणजे प्लॅटफॉर्म तुमच्या पैशातून आधीच कापून सरकारकडे भरतो तो कर, कापला जात नाही. मात्र ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. आणि सगळेच प्लॅटफॉर्म असा विक्रेता घेत नाहीत, हे आधी विचारून घ्या.

कंपोझिशन म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना; खरेदीवरचा जीएसटी त्यात वजा मिळत नाही. तिच्याबद्दल सगळ्यांना वाटतं की हा छोट्यांसाठीचा स्वस्त मार्ग. दुकानासाठी तो खरंच चांगला आहे: दीड कोटीपर्यंत उलाढाल, व्यापाऱ्याला १ टक्का कर, दर तिमाहीला कर भरायचा फॉर्म सीएमपी-०८, वर्षाला एकच रिटर्न, जीएसटीआर-४. ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅटफॉर्मवरूनही विकता येतं, पण तेही राज्यातल्या राज्यातच. आणि ऑनलाइनमध्ये हा मार्ग महाग पडू शकतो. कसा, ते एका कुर्तीवर मांडून बघू.

समजा, उल्हासनगरहून कुर्ती २०० रुपयांना घेतली, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १० रुपये. प्लॅटफॉर्मवर ती ५२५ ला विकली. कमिशन आणि कुरिअर मिळून ८० रुपये, त्यावर १८ टक्के म्हणजे १४ रुपये ४० पैसे.

एन्रोलमेंटवर हाती उरतात २२० रुपये ६० पैसे. कंपोझिशनमध्ये आणखी सव्वापाच रुपये कर जातो, उरतात २१५.३५. रेग्युलर म्हणजे नेहमीची नोंदणी: ग्राहकाकडून कर घ्यायचा, स्वतः दिलेला वजा करून उरलेला भरायचा. त्यात ५२५ मधले २५ रुपये कराचे, पण खरेदीचे १० आणि कमिशनवरचे १४.४० वजा मिळतात. भरायचे फक्त ६० पैसे, उरतात २२० रुपये. म्हणजे मला तरी ऑनलाइन कुर्तीसाठी कंपोझिशन घ्यायचं कारण दिसत नाही. कमिशनवरचा १८ टक्के तिथे परत मिळतच नाही.

अट एकच, खरेदीचं पक्कं बिल हवं, तुमचा जीएसटी नंबर असलेलं. कच्च्या चिठ्ठीवर माल उचलत असाल तर रेग्युलरचा हा हिशेब कोलमडतो.

रेग्युलरमध्ये काम वाढतं, हे लपवत नाही. पाच कोटींपर्यंत तिमाही रिटर्न निवडता येतात. महाराष्ट्रात तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्यात जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ची तारीख १३, जीएसटीआर-३बी (कराचा हिशेब) ची २२. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा. प्लॅटफॉर्म अर्धा टक्का टीसीएस कापतो. तो पोर्टलवर स्वीकारला की तुमच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे कर भरायच्या पोर्टलवरच्या खात्यात, येतो. स्वीकारायचं राहून गेलं की पैसे तसेच अडकून पडतात. आणि विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचंच. उशीर झाला तर निल रिटर्नलाही रोजचे २० रुपये. मुलांच्या परीक्षा, गावाकडचं लग्न यात दोन-तीन महिने धंदा बंद ठेवणाऱ्यांचं इथेच चुकतं.

इन्स्टाग्रामवरून थेट विकणाऱ्यांनाही पार्सलचा प्रश्न लागू आहे. कुर्ती बेळगावला पाठवली की ती परराज्यातली विक्री, आणि त्यासाठी साधारणपणे नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो.

कळव्याच्या एका ताईंच्या ऑर्डर गोव्याहून यायला लागल्या, म्हणून त्यांनी रेग्युलर घेतला. लाइट बिल आणि जागामालकांचं संमतीपत्र घेऊन आल्या होत्या. त्यानंतरच्या पहिल्याच खरेदीत दोन बिलं त्यांच्या जीएसटी नंबराविना आली. ती आम्ही त्याच दिवशी परत पाठवून बदलून घेतली.